खडकात गळ अडकतो तेव्हा: किनाऱ्यावरून गरवणाऱ्या नवख्यांसाठी गाठी आणि जोडणी

कोकणच्या किनाऱ्यावर मासा मिळण्याची जागा आणि गळ अडकण्याची जागा बहुतेक वेळा एकच असते. तांबोशी, हेकरू, पालू हे मासे कातळाच्या कपारीला, कालवांच्या थराला, जुन्या धक्क्याच्या पायाला धरून राहतात, कारण खेकडा-कोळंबीचं खाणं तिथे आणि लपायला जागाही तिथेच. अडकायला नको म्हणून मोकळ्या पुळणीवरच बसलं तर हे मासे हाती लागत नाहीत. खडकावर गेलं तर पहिल्या तासाभरातच दोन-तीन वजनं समुद्रात जातात. नवा माणूस इथेच वैतागतो. मग तो दुकानात जाऊन आणखी जाड दोरी आणतो, आणि पुढच्या खेपेला वजनाबरोबर वीस-तीस मीटर दोरीही खडकात सोडून येतो.

खडकावर गरवायचं तर सामान जाणार, हे मनाशी पक्कं करा. पण काय जाईल आणि काय परत येईल, हे घरी बसून गाठ मारतानाच ठरवता येतं. रीळापासून वजनापर्यंतच्या दोरीत सगळ्यात कच्ची जागा कुठे असावी हे तुम्ही ठरवलं नाही, तर ते खडक ठरवतो, आणि तो बहुधा रॉडच्या टोकाजवळ ठरवतो. हा लेख त्या कच्च्या जागेबद्दल आहे. गाठी नीट यायला हव्यात त्याही याचसाठी: जिथे तुटू नये तिथे गाठ पक्की हवी.

दोरी

पहिली दोरी साधं तंगूस घ्या, म्हणजे एकेरी नायलॉनची दोरी. खोक्यावर पौंडाचा आकडा असतो. 1 पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, म्हणजे 20 पौंडाची दोरी सरळ ओढीत 9 किलोच्या आसपास ताण घेते. पण हा आकडा गाठ नसलेल्या दोरीचा. नायलॉन पाणी शोषतं आणि भिजल्यावर थोडं कमजोर होतं. त्यात गाठ आली की आणखी ताकद जाते. चांगल्या गाठीत थोडी जाते, वाईट गाठीत निम्मी. नवख्याने खडकासाठी मूळ दोरी 20 पौंडाची ठेवावी असं माझं मत आहे. त्याहून जाड दोरी लांब जात नाही, आणि अडकली की तोडायला माणूस घामाघूम होतो.

हल्ली बरेच जण सुरुवातच विणलेल्या दोरीने, म्हणजे ब्रेडने करतात. ती पातळ असते, ताणली जात नाही, माशाचा बारीक टोचाही हाताला कळतो. मोकळ्या पाण्यात ती उत्तमच. पण ताणलेली ब्रेड कालवाच्या धारेवर घासली की तिचे तंतू बघता बघता कापले जातात. तंगूस तशाच घासण्यात जास्त वेळ टिकतं. ब्रेड वापरायचीच असेल तर तिच्या पुढे दोन वाव तरी 40 पौंडाचं तंगूस जोडा. यालाच लीडर म्हणतात. एक वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी, सहा फुटांच्या आसपास. किनाऱ्यावर मोजपट्टी लागत नाही ती यामुळेच.

उन्हात पडलेलं तंगूस कडक आणि ठिसूळ होतं. गाडीच्या काचेमागे वर्षभर राहिलेलं रीळ घेऊन जाऊ नका. पावसाळ्यानंतर हंगाम सुरू करताना निदान पुढची पन्नास मीटर दोरी नवी भरा.

गाठ मारायला शिका, घरी बसून

सुरुवातीला जाड सुतळी आणि एक किल्लीची कडी घ्या. गुंतलेलं बोटांना कळलं की मग तंगुसावर या. खडकावर, वाऱ्यात, ओल्या हातांनी पहिल्यांदाच गाठ शिकायला जाऊ नये.

साधी निरगाठ तंगुसावर कधीही मारू नका. त्या गाठीत दोरी स्वतःलाच आवळते आणि ताकद जवळपास निम्मी होते. फेकताना वाऱ्याने दोरीत आपोआप बसलेली निरगाठही तितकीच घातक. ती दिसली तर सुईने सोडवा, नाही सुटली तर तिथून दोरी कापून टाका.

कुठलीही गाठ असो, दोन गोष्टी सांभाळा. आवळण्याआधी ती थुंकीने किंवा पाण्याने ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाने तापते आणि दोरी आतून कमजोर होते. तापलेल्या जागी ती किंचित पांढुरकी, सुरकुतलेली दिसते. तशी दिसली तर कापून पुन्हा मारा. दुसरं, हळू आणि एकसारखं ओढा, हिसका देऊ नका. वेढे शेजारी शेजारी बसले पाहिजेत. एक वेढा दुसऱ्यावर चढला की ताणाला तोच खालच्याला कापतो.

युनी गाठ

एकच गाठ शिकायची असेल तर ही शिका. गळ, स्विव्हल (दोरीला पीळ बसू नये म्हणून मधे लावायची फिरती कडी), वजन, सगळीकडे चालते आणि अंधारातही मारता येते.

1. दोरीचं टोक गळाच्या नेढ्यातून ओवा आणि वीतभर बाहेर काढा.
2. हे टोक मूळ दोरीला लागून मागे न्या. आता दोन दोऱ्या शेजारी शेजारी आहेत. त्या डाव्या चिमटीत धरा.
3. टोक पुन्हा गळाच्या दिशेने वळवा. दोन दोऱ्यांच्या वर एक मोकळं कडं तयार होईल.
4. टोक त्या कड्यातून आत घालून दोन्ही दोऱ्यांभोवती वेढा द्या. असे पाच वेढे द्या. 40 पौंडाच्या जाड तंगुसाला चार पुरतात, ब्रेडला सात-आठ लागतात, कारण ती गुळगुळीत असते.
5. ओलं करा. आधी फक्त टोक ओढा. वेढे एकत्र येऊन लहानशी लांबट गुंडाळी होईल.
6. आता मूळ दोरी ओढा. गुंडाळी सरकत सरकत नेढ्यापर्यंत येईल. तिथे पक्की आवळा.
7. टोक 3-4 मिलिमीटर ठेवून कापा. अगदी मुळाशी कापलं तर ताण आल्यावर ते आत सरकतं आणि गाठ सुटते.

मग गळ पक्कडीत धरा, दोरी हाताला गुंडाळलेल्या जाड फडक्यावर घ्या आणि जोरात ताणा. सुटायची असेल तर घरातच सुटू दे.

पॅलोमार गाठ

ब्रेडवर गळ किंवा स्विव्हल थेट बांधायचं तर ही गाठ जास्त भरवशाची. दोरी दुहेरी करून तो दुमड नेढ्यातून ओवा. दुहेरी दोरीचीच एक सैल साधी गाठ मारा, गळ मध्ये लोंबकळू द्या. दुमडीचा फास मोठा करून पूर्ण गळ त्यातून पलीकडे काढा. ओलं करा आणि मूळ दोरी व टोक दोन्ही एकत्र ओढा. दुहेरी गाठीच्या पोटात दोऱ्या एकमेकींवर चढल्या नाहीत ना, एवढं बघा. या गाठीची अडचण एकच: फासातून पूर्ण वस्तू जावी लागते, म्हणून लांब लीडर किंवा मोठं वजन जोडलेलं असेल तर ती मारता येत नाही.

दोन दोऱ्या जोडायच्या तर

ब्रेडला लीडर जोडायला दुहेरी युनी मारा. दोन्ही टोकं वीत-दीड वीत एकमेकींवर ठेवा. ब्रेडच्या टोकाने तंगुसाभोवती आठ वेढ्यांची युनी मारा, तंगुसाच्या टोकाने ब्रेडभोवती पाच वेढ्यांची. दोन्ही ओल्या करून हलक्या आवळा, मग दोन्हीकडच्या मूळ दोऱ्या ओढा. गुंडाळ्या सरकत येऊन एकमेकींना भिडतील. एफजी नावाची गाठ याहून बारीक बसते आणि रॉडच्या कड्यांतून सुळकन जाते, पण ती शिकायला वेळ लागतो. पहिल्या हंगामात तिच्या मागे लागू नका.

वजनासाठी फासही लागतो. दोरीचं टोक दुमडून दुहेरी करा, साधी गाठ मारतो तशी सैल गाठ घ्या, पण फास त्यातून एकदा नाही, दोनदा ओवा. ओलं करून आवळा. याला सर्जनची गाठ म्हणतात, आणि वजन लावण्या-काढण्याचं काम ती झटपट करते.

कच्चा धागा

आता मुख्य भाग. दुकानात मिळणारी तयार जोडणी पाहिलीत तर वजन आणि गळ दोन्ही एकाच जाडीच्या दोरीवर असतात. पुळणीवर ते चालतं. खडकावर मात्र अडकतं ते शंभरातल्या बहुतेक वेळा वजन, कारण तेच तळाला घासत येतं. मग वजनासाठी गळही जातो, स्विव्हल जातं आणि दोरीही जाते.

म्हणून जोडणी अशी करा. मूळ दोरी 20 पौंडाची, तिच्या टोकाला युनीने स्विव्हल. ही गाठ सगळ्यात काळजीने मारायची, कारण इथे तुटायला नको. स्विव्हलच्या खालच्या डोळ्याला दोन दोऱ्या बांधायच्या. एक गळाची, 15 पौंडाची, आखूड, वीत-दीड वीत. दुसरी वजनाची, 8 ते 10 पौंडाची, लांब, दीड हातभर. वजनाची दोरी लांब असल्यामुळे गळ तळाच्या वर राहतो आणि खडकाच्या फटीत शिरत नाही. तीन डोळ्यांचं स्विव्हल मिळालं तर गुंता आणखी कमी होतो.

आता काय होतं बघा. वजन अडकलं की ओढल्यावर 8 पौंडाची दोरी तुटते. गळ, स्विव्हल आणि त्यावर बसलेला मासा असेल तर तोही परत येतो. गळ अडकला तर 15 पौंडाची दोरी जाते, म्हणजे एक गळ. मूळ दोरी दोन्ही वेळा सुखरूप. गळ बारीक तारेचा घेतलात तर कधी कधी तोही जात नाही: दमदार ओढीला तो वाकून सरळ होतो आणि सुटून येतो. पक्कडीने पुन्हा वाकवता येतो, पण वाकलेला गळ मोठ्या माशापुढे टिकत नाही, तेव्हा तो घरी आल्यावर बाजूला ठेवा.

यात एक धोका आहे आणि तो लक्षात घेतलाच पाहिजे. वजन कच्च्या धाग्यावर आहे, म्हणून ते जोरात भिरकावायचं नाही. पन्नास-साठ ग्रॅमचं वजन रॉड बाजूने झुलवून सावकाश टाकलं तर 8 पौंडाची दोरी धरते. पूर्ण ताकदीने डोक्यावरून फेकलंत तर ती हवेतच तुटेल आणि वजन गोफणीतल्या दगडासारखं सुटेल. मागे-पुढे कोणी असेल तर काय होईल हे सांगायला नको. खडकावर लांब फेकायची गरजही क्वचितच असते. मासा तुमच्या पायाखालच्या कातळालाच असतो. तरी जास्त अंतर हवंच असेल तर धागा 12 पौंडापर्यंत वाढवा, आणि फेकण्याआधी मागे वळून बघण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

वजन कशाचं?

खडकावर शिसं घालवणं मला पटत नाही. ते महाग तर आहेच, शिवाय विषारी आहे, आणि अडकलं की तिथेच राहतं. शिशाची बारीक मणी दातांनी दाबून बसवायची सवय तर ताबडतोब सोडा. पक्कड वापरा, हात धुवा, आणि घरात पोरं असतील तर डबा उंचावर ठेवा.

मुंबईपासून मालवणपर्यंत अनेक जण गॅरेजमधले जुने स्पार्क प्लग वापरतात. फुकट मिळतात आणि बांधायला सोपे. बांधण्याआधी तेल पुसून घ्या. नट-बोल्टही चालतात. पण माझ्या मते खडकासाठी सगळ्यात चांगलं वजन म्हणजे दगड. ओढ्यातला किंवा पुळणीवरचा लांबट, मधे थोडा बसका गोटा निवडा. त्याला सुती दोऱ्याने किंवा सुतळीने आडवे-उभे दोन वेढे देऊन गाठ मारा आणि कच्चा धागा त्या सुतळीत अडकवा. तुटलं तर दगड आपल्या जागी जातो आणि सुतळी कुजून जाते. जुन्या सुती कापडात वाळू बांधून केलेली पुरचुंडीही तशीच, आणि ती फटीत अडकण्यापेक्षा खडकावरून घरंगळत येते. तिचा दोष एवढाच की वाऱ्याविरुद्ध ती लांब जात नाही.

तळाला लागूच नये असं करायचं तर

न अडकण्याचा सगळ्यात साधा मार्ग म्हणजे तळाला न लागणं. फ्लोट लावा. दोरीवर मोकळा सरकणारा फ्लोट, त्याच्या वर जाड सुती दोऱ्याची छोटी अडवणारी गाठ, मधे एक मणी, खाली बारीक वजन आणि गळ. अडवणारी गाठ सरकवून खोली ठरवायची: तळ दोन वाव असेल तर गळ दीड वावावर ठेवा. जुन्या रबरी चपलेचा गोल तुकडा भोक पाडून चांगला फ्लोट होतो. थर्माकोल मात्र नको, त्याचे दाणे सुटून पाण्यात पसरतात. पालू आणि तांबोशी कोळंबीच्या आमिषाला फ्लोटखालीही येतात. शिंगाळ्यासारखे तळाचे मासे हवेत तरच वजन तळाला सोडा.

जागा ओहोटीला बघून ठेवा

रॉड न घेता एकदा जागा बघायला जा. पाणी उतरलेलं असताना तुम्ही जिथे टाकणार आहात तो तळ उघडा असतो किंवा गुडघाभर पाण्यात दिसतो. भरतीची वेळ काढायची किनाऱ्यावरची जुनी रीत अशी: तिथीचा आकडा पाऊणपट करा. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पूर्ण भरती पावणेचारच्या सुमारास, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, जागेप्रमाणे तास-अर्धा तास इकडे-तिकडे होतो, म्हणून मोबाइलवर भरती-ओहोटीचं कोष्टकही बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. तेव्हा पाणी सगळ्यात जास्त उतरतं, आणि ती ओहोटी सकाळ-संध्याकाळच्या सुमाराला येते, म्हणजे उजेडात तळ बघायला चांगली सोय. मुंबईकडे उधाणात पाण्याची पातळी 4 मीटरहूनही जास्त वर-खाली होते. दक्षिणेला रत्नागिरी, मालवणकडे हा फरक कमी. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी फारसं हलत नाही.

ओहोटीला काय शोधायचं? कातळाच्या दोन पट्ट्यांमधली वाळूची गल्ली. मासा तिच्या कडेने फिरतो आणि वजन वाळूत पडतं. अशी गल्ली सापडली की तिची रेघ किनाऱ्यावरच्या दोन खुणांशी जुळवून ठेवा, एक माड आणि त्याच्या मागचं एखादं घर, किंवा देवळाचा कळस. मोबाइलवर फोटो काढा. भरतीला पाण्याच्या रंगावरूनही ती कळते: वाळू फिकट, कातळ काळपट. खडकावर जुन्या दोऱ्या अडकलेल्या दिसतील. जिथे त्यांचे झुपके आहेत तिथे टाकू नका.

तिथे कोणी वयस्क माणूस गरवत असेल तर जवळ जाऊन शांत उभे राहा आणि विचारा, "काका, इथे तळ कसा आहे? रेव आहे की खडक?" एवढा प्रश्न कोणालाही आवडतो. "मासा कुठे लागतो?" हा प्रश्न ओळख झाल्यानंतरचा.

जागा निवडताना नियमही बघा. मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे चौकशी केल्याशिवाय गळ टाकू नका. बंदराच्या आणि बोटींच्या धक्क्यांवरही आधी विचारा.

टाकल्यावर आणि ओढताना

पाण्यात पडल्यावर दोरी लगेच ताणून घ्या. सैल दोरी लाटेबरोबर खडकाभोवती फिरते आणि वजन कपारीत लोळत जातं. रॉड उंच धरा, जेणेकरून किनाऱ्याजवळच्या कातळावर दोरी घासणार नाही. काढून घेताना तळावरून ओढत आणू नका. रॉड एकदम वर उचला, वजन तळापासून सुटतं, मग न थांबता भराभर गुंडाळा. मधे थांबलं की वजन पुन्हा खाली बसतं, आणि किनाऱ्याजवळच्या शेवटच्या दहा मीटरमध्येच सगळ्यात जास्त अडकतं.

अडकलंच तर

हाताला काय लागतंय ते आधी ओळखा. शेवाळ असेल तर ओढीबरोबर थोडं थोडं येतं. मासा असेल तर मधूनच धक्का देतो. खडक असेल तर काहीच हलत नाही. अडकल्यावर पहिली प्रतिक्रिया जोरात हिसका मारायची होते, आणि तिथेच चूक होते: गळ आणखी खोल रुततो.

आधी दोरी पूर्ण सैल सोडा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. लाटच कधी कधी वजन मागे लोटते. हेकरू घास घेऊन बिळात शिरला असेल तरीही हाच उपाय. ताण गेला की तो स्वतः बाहेर येतो, आणि दोरी हलायला लागताच झटकन उचलायचं.

नाही सुटलं तर दोरी ताणा, रॉडच्या पुढे बोटांनी धरून धनुष्याच्या दोरीसारखी खेचा आणि एकदम सोडा. चार-पाच वेळा करा. त्या झटक्याने वजन ज्या बाजूने आत गेलं त्याच बाजूने मागे उडतं. तेही नाही जमलं तर जागा बदला. खडकावरून सांभाळून दहा-वीस पावलं डावीकडे जा, मग उजवीकडे, आणि वेगळ्या कोनातून ओढा. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त सामान या चालण्याने वाचतं, आणि नवे लोक सगळ्यात कमी करतात ते हेच.

एवढं करूनही नाही आलं तर तोडायचं. पण रॉडने नाही. रॉड वाकवून ओढला की टोक मोडतं. रॉड सरळ दोरीच्या दिशेने धरा, रीळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी किती ताणाला सुटावी हे ठरवणारा ब्रेक, पूर्ण आवळा. हातभर लांबीची जाड काठी जवळ असू द्या. तिला फडकं गुंडाळा, फडक्यावर दोरीचे पाच-सहा वेढे घ्या, पाठ समुद्राकडे करा आणि सपाट जागेवरून सावकाश पुढे चालत राहा. दोरी कधीही उघड्या हाताला गुंडाळू नका. ब्रेड तर चाकूसारखी बोटात शिरते. तोंड वळवलेलं हवं, डोळ्यांवर चष्मा हवा, आजूबाजूचे लोक बाजूला हवेत, कारण ताणलेली दोरी सुटली तर वजन थेट ओढणाऱ्याकडे येतं.

आणि कितीही महागाची वस्तू असली तरी ती सोडवायला पाण्यात उतरायचं नाही.

तुटलेलं टोक वाचा

दोरी परत आली की लगेच नवा गळ बांधू नका. टोक डोळ्यांजवळ धरून बघा. टोकाला पिळलेली, कुरळी शेपूट दिसली तर गाठ सुटली आहे, म्हणजे वेढे कमी पडले किंवा टोक फार बारीक कापलं होतं. टोक आखूड आणि सरळ तुटलेलं असेल तर ती गाठीतच तुटली: कोरडी आवळली असेल किंवा वेढा चढला असेल. टोक फुटलेलं, पांढरट, आणि वर वीतभर दोरी खरखरीत असेल तर ती खडकाने कापली. दोरी कुठे तुटली त्यावरून जोडणी बरोबर होती का तेही कळतं. स्विव्हल परत आलं तर कच्च्या धाग्याने काम केलं. नाही आलं, आणि दोरी खडकानेही कापलेली नसेल, तर मूळ गाठ कच्च्या धाग्याहून कच्ची होती.

मग दोरी अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या नखांतून, किंवा ओठांवरून, दोन-तीन वाव सरकवत न्या. ओठाला बारीकशी ओरखडही कळते. जिथे खरखरीत लागेल तिथपासून कापून टाका. दोन वाव दोरी वाचवण्यासाठी पुढचा मोठा मासा घालवू नका.

कापलेल्या दोरीचं काय

कापलेला प्रत्येक तुकडा पिशवीत घाला. तंगूस कुजत नाही. खडकावर राहिलेल्या दोरीत पाणपक्ष्यांचे पाय अडकतात, आणि अडकलेल्या गळावरचं आमिष खायला आलेला मासाही तिथेच मरतो. आपल्या किनाऱ्यावर वेळास, आंजर्ले, गुहागर अशा ठिकाणी हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पाण्यात तरंगणारी दोरी त्यांच्या वल्ह्यासारख्या पायांना घट्ट बसते आणि कासवाला ती सोडवता येत नाही. घरी आल्यावर तुकडे कात्रीने बोटाएवढे बारीक करूनच कचऱ्यात टाका, म्हणजे कचऱ्यातही कोणी त्यात अडकणार नाही. जाळू नका. उधाणाच्या ओहोटीला आपल्या नेहमीच्या खडकावर एक फेरी मारा आणि दुसऱ्यांच्या दोऱ्याही काढून आणा. चार-सहा वजनं आणि गळ त्यात हमखास मिळतात. गंजलेला गळ काढताना हातमोजे घाला.

पहिल्या दिवसासाठी

जून ते सप्टेंबर खडकावर जाऊ नका. पावसाळ्यातली लाट शांत दिसणाऱ्या कातळावरही अचानक चढते. इतर महिन्यांतही खडकावर पाय ठेवण्याआधी पंधरा मिनिटं दूर उभे राहून बघा: कातळ जिथवर ओला दिसतो त्याच्या वर बसायचं. शेवाळलेल्या खडकावर पकड असलेले बूट हवेत. शक्यतो जीवरक्षक जाकीट घाला आणि एकटे जाऊ नका. मुंबईत मरीन ड्राइव्हवरच्या टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवायला रचलेल्या चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, उतरून गरवण्याचा मोह टाळा. तिथल्या पोकळीत गळ तर जातोच, पाय घसरून माणूसही आत जातो. भरती चढत असताना परतीची वाट पाण्याखाली जात नाही ना, हे दर थोड्या वेळाने वळून बघत राहा.

जोडण्या घरीच बांधून न्या. सात-आठ तयार करून पुठ्ठ्याला खाचा पाडून त्यावर गुंडाळा, कच्चा धागा खाली दिसेल अशा. पिशवीत पक्कड, कात्री, फडकं गुंडाळलेली काठी, सुतळीने बांधलेले दहाएक दगड, जास्तीचे गळ आणि तुकड्यांसाठी रिकामी पिशवी ठेवा. पहिली खेप पुळण आणि खडक जिथे भेटतात अशा कोपऱ्यावर करा. आधी पुळणीच्या बाजूला टाका, हात बसला की दर फेकीला थोडं थोडं खडकाकडे सरका. ज्या जागी वजन अडकायला लागेल तिथून दोन पावलं मागे या आणि तिथेच गरवत राहा.